पंधरा जणांना घेऊन भायखळ्याच्या म्युझियमला: संध्याकाळच्या सहलीची आखणी

भांडुपच्या आमच्या सोसायटीतून गट घेऊन मी आतापर्यंत चार वेळा डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेले आहे. पहिली खेप फसली. संध्याकाळची सहल म्हणून साडेचारला स्टेशनवर भेटायचं ठरवलं, दोघं उशिरा आले, एक गाडी सुटली आणि आम्ही दारात पोहोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद झालेली. दोन आजी गुडघ्यांना पट्टे बांधून, ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. त्यांना दारातूनच परत फिरवताना फार वाईट वाटलं. वेळ आधी नीट विचारून घेतली असती तर हे टळलं असतं. तेव्हापासून प्रत्येक खेपेनंतर मी वहीत टिपणं ठेवते. पहिल्यांदाच गट नेणाऱ्यांसाठी त्या वहीतलं सगळं इथे उतरवते आहे.

हेच संग्रहालय का, तर शहराचा इतिहास दोन तासांत, दमछाक न होता पाहायला इतकी चांगली जागा मुंबईत मला दुसरी माहीत नाही. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय थोर आहे, पण त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो आणि तिथे मुंबईपेक्षा सगळा भारत जास्त दिसतो. भायखळ्याच्या या वास्तूत विषयच मुंबई आहे. शहरातलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुलं झालं. १९७५ साली त्याला, ते उभं करायला झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं.

## १. वार आणि वेळ आधी पक्की करा

बुधवारी संग्रहालय बंद असतं, शेजारची राणीची बाग, म्हणजे प्राण्यांची बाग, तीही बंद असते. काही सार्वजनिक सुट्ट्यांनाही दार उघडत नाही. नवख्या माणसाला रविवार सोयीचा वाटतो, पण तो टाळा. एक तर राणीच्या बागेला जत्रेसारखी गर्दी असते, आणि दुसरं म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही मार्ग बंद ठेवणं. गट घेऊन निघाल्यावर स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवल्याची घोषणा कानावर पडली की सगळं वेळापत्रक कोलमडतं. शनिवार सगळ्यात बरा.

संग्रहालय संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतं आणि तिकीट खिडकी त्याच्याही अर्धा तास आधी. म्हणजे 'संध्याकाळची सहल' दुपारीच सुरू करायची आणि संध्याकाळ बाहेर, चहाच्या टेबलावर घालवायची. आमचं बसलेलं वेळापत्रक असं:

- पावणेतीन: भांडुप स्टेशन, तिकीट घराजवळ हजेरी
- पावणेचार: भायखळ्याला उतरून मोजदाद
- सव्वाचार: संग्रहालयाच्या आवारात
- साडेचार ते पावणेसहा: आत
- सहा ते साडेसात: चहा आणि गप्पा
- त्यानंतर परतीची गाडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. फक्त डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे आवारातलं जे पाहायचं ते आधी उरका. जुलै-ऑगस्टमध्ये गट नेऊ नका. भिजलेल्या छत्र्या, घसरडे जिने आणि रुळांवर पाणी, यात कुणाचंही लक्ष वस्तूंकडे राहत नाही.

## २. माणसं पंधराच्या वर नकोत

वीसच्या पुढे गट गेला की मागच्यांना काही ऐकू येत नाही, आणि आपण आवाज चढवला की बाकीच्या लोकांना त्रास होतो. पंधरा जण म्हणजे एका काचपेटीभोवती दोन रांगांत मावतात.

दोन माणसांची नेमणूक आधी करा. एक पुढे चालणारा, एक सगळ्यात मागे. मागचा माणूस पुढच्यापेक्षा महत्त्वाचा. त्याने कधीही कुणालाही ओलांडून पुढे जायचं नाही, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे हे काम बँकेतून निवृत्त झालेले एक काका करतात आणि चार खेपांत एकही माणूस हरवलेला नाही.

दहा वर्षांखालची मुलं नेणार असाल तर त्यांच्या आईवडिलांशी आधीच बोला. राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन बघायला मिळतात, हे मुंबईतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. दारात पोहोचल्यावर हट्ट सुरू होतो, मग एक कुटुंब तिकडे जातं, त्यांच्या मागे दुसरं, आणि गट फुटतो. बागेचं तिकीट वेगळं असतं आणि तिची खिडकी आधी बंद होते. त्यामुळे 'आधी म्युझियम, मग पेंग्विन' हे शक्यच नाही. मुलांना पेंग्विनसाठी वेगळा दिवस कबूल करा आणि तो पाळा.

## ३. फोन आणि कागदपत्रं

निदान आठवडाभर आधी संग्रहालयाला फोन करा. फोनवर चार गोष्टी विचारून लिहून घ्या: त्या तारखेला संग्रहालय उघडं आहे ना, गटासाठी पत्र लागेल का, त्या वेळी मराठीतून माहिती देणारं कुणी मिळेल का, आणि जिना न चढणाऱ्यांसाठी काय सोय आहे. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. मुंबईची दालनं वरच्या मजल्यावर आहेत. आजी खाली बसून राहिल्या आणि आपण वर गेलो, असं झालं तर सहल अर्धीच राहते.

सोबत ठेवायचं ते असं:

- सोसायटीच्या, मंडळाच्या किंवा शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र, त्यात तारीख, माणसांची संख्या आणि प्रमुखाचा फोन
- ज्येष्ठांसाठी वयाचा पुरावा, विद्यार्थ्यांसाठी ओळखपत्र (सवलत असली तर खिडकीवर दाखवावं लागतं)
- सगळ्यांची नावं आणि घरच्या एका माणसाचा फोन, कागदावर लिहिलेला. मोबाइलची बॅटरी संपली की यादीही गेली.
- सुटे पैसे
- पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोजची बिस्किटं, आणि मधुमेह असलेल्यांसाठी खिशात खडीसाखर

मोठ्या बॅगा आणू नका म्हणून आधीच सांगा. काचेच्या पेट्यांमधून पाठीवरची सॅक घेऊन फिरणं धोक्याचं. एक छोटी पर्स किंवा पिशवी पुरे.

## ४. वर्गणी आधी, सहल नंतर

प्रवेश आणि चहा-खाणं धरून एक ठरावीक रक्कम निघण्याच्या दोन दिवस आधी जमा करा. 'तिथे गेल्यावर देतो' हे ऐकायचं नाही. खिडकीवर पंधरा जण पाकिटं चाचपायला लागले की दहा मिनिटं गेली. एकाने सगळी तिकिटं काढायची आणि उरलेले पैसे परत करायचे.

## ५. निरोप असा लिहा

लांबलचक निरोप कुणी वाचत नाही. आमच्या व्हॉट्सॲप गटावर मी शुक्रवारी रात्री एवढंच टाकते:

'उद्या शनिवार. दुपारी २.४५, भांडुप स्टेशन, तिकीट घर. २.५५ नंतर कुणाची वाट बघणार नाही. रेल्वेचं परतीचं तिकीट सीएसएमटीपर्यंतचं काढायचं. सपाट चपला. छोटी पिशवी. उशीर झाला तर थेट संग्रहालयाच्या दारात ४.१५ ला भेटा.'

तिकीट भायखळ्यापर्यंत न काढता सीएसएमटीपर्यंत (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गाड्या जिथून सुटतात ते शेवटचं स्टेशन) का, ते परतीच्या भागात सांगते.

## ६. जाताना

भायखळा मध्य रेल्वेवर आहे. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला बदलावं. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये चढणार, हे गृहीत धरा आणि उतरल्यावर जमायची जागा एकच ठरवा. 'पुलाखाली' असं म्हणू नका, स्टेशनात एकापेक्षा जास्त पूल असतात. 'पूर्वेला, बाहेर पडायच्या दारात' असं सांगा. शिवाय भायखळा स्टेशन स्वतःच पाहण्यासारखं आहे. त्याची जुनी इमारत मोठ्या कष्टाने पूर्वीसारखी केली गेली आणि त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. मोजदाद होईपर्यंत लोकांना ते बघू द्या.

उपनगरातल्या माणसांना एक चकवा हमखास बसतो. भायखळ्यात रिक्षा नाहीत. शीव आणि वांद्र्याच्या पुढे रिक्षा येत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, पण आजींना उतरल्यावरच आठवतं. स्टेशन पूर्वेकडून संग्रहालय चालत जाण्याजोगं आहे. तरणी माणसं दहा-बारा मिनिटांत पोहोचतात, आम्ही वीस-पंचवीस धरतो. ज्यांना चालवणार नाही त्यांच्यासाठी एक टॅक्सी करा आणि त्यात एक धडधाकट माणूस बसवा. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाले नाही म्हणतात, तेव्हा बोलायला कुणीतरी हवं.

## ७. दारात: आधी हत्ती

आवारात शिरल्यावर लगेच तिकिटाकडे धावू नका. तिकीट काढणारा एकटा जाऊ दे. बाकीच्यांना दगडी हत्तीपाशी घेऊन जा.

हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिलं ते याच्यामुळे. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे, तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, आणून ठेवले आणि १९१४ मध्ये जोडले. अंगावरचे सांधे शोधायला सांगा. लोक एकदम जवळ जाऊन बोट दाखवायला लागतात, बोलायला लागतात. एकदा माणसं बोलती झाली की पुढची सगळी संध्याकाळ सोपी जाते. म्हणून माझी सुरुवात नेहमी इथे.

आवारात जुने पुतळेही आहेत. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांमधून उतरवलेले साहेब लोक, काही मोडलेल्या अवस्थेत. काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. हे सांगितल्यावर आमच्यातल्या एकाने विचारलं, 'म्हणजे नाव तिकडे आणि घोडा इकडे?' हो, तसंच.

तिकिटं हातात आली की दारात पाच मिनिटांत एवढी गोष्ट सांगा. संग्रहाची सुरुवात १८५० च्या दशकात फोर्टात झाली. १८५७ च्या उठावात लष्कराला ती जागा हवी झाली आणि वस्तू बाहेर काढल्या गेल्या. मग जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी स्वतंत्र इमारतीसाठी लोकांकडून पैसे उभे केले. १८६२ मध्ये पायाभरणी झाली. तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला, बँका बुडाल्या, आणि इमारतीचं काम पैशावाचून अडलं. शेवटी ते सरकारने पुरं केलं. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, १८६९ आणि १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ. संग्रहालय उघडल्यावर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, ते गेले.

याच्या पलीकडे इतिहास सांगू नका. मी दुसऱ्या खेपेला वीस मिनिटं बोलले होते. लोक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते आणि आतला वेळ माझ्या बोलण्यात गेला.

## ८. आत: थोडं बघा, नीट बघा

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही बोलू नका. लोकांना वर बघू द्या. उंच लोखंडी खांब, सोनेरी नक्षी, हिरवट भिंती, पायाखाली इंग्लंडहून आणलेल्या मिंटन कंपनीच्या फरशा. विसाव्या शतकाच्या शेवटी ही वास्तू पार खंगली होती. मुंबई महानगरपालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी २००३ मध्ये करार करून ती पुन्हा उभी केली. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी उघडली. अलीकडेही दुरुस्तीसाठी ती बंद होती, २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाली. म्हणूनच जुन्या माहितीवर विसंबून निघू नका.

खालच्या मजल्यावर कारागिरीच्या वस्तू आहेत: बिदरीकाम (काळ्या धातूवर चांदीची नक्षी), चांदीकाम, हस्तिदंतावरचं कोरीवकाम, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी नातं असलेली रंगीत भांडी. इथे वीस मिनिटं, जास्त नाही. पहिल्यांदा येणारे सगळे इथेच अडकतात आणि वर जाईपर्यंत पाच वाजून जातात.

बाकीचा सगळा वेळ वरच्या मजल्याला द्या. तिथे मुंबई आहे: नकाशे, शहराच्या प्रतिकृती, इथल्या माणसांच्या आणि त्यांच्या धंद्यांच्या मातीच्या छोट्या छोट्या मूर्ती. आत शिरण्याआधी प्रत्येकाला एकच काम सांगते: 'एक वस्तू निवडा, जिच्याशी तुमच्या घराचा काहीतरी संबंध आहे. चहाच्या वेळी तिच्याबद्दल सांगायचं.' बस्स. हे सांगितलं की माणसं पाट्या वाचत पुढे सरकत नाहीत, शोधायला लागतात.

सात बेटांच्या नकाशापाशी थांबा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. प्रत्येकाने आपलं किंवा आपल्या माहेरचं ठिकाण शोधायचं. भांडुपकरांना कळतं की आपण यात नाहीच, आपण साष्टीतले, म्हणजे या बेटांच्या उत्तरेकडच्या मोठ्या बेटावरचे. यावरून जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

दुसरी जागा पगड्यांची. मातीची छोटी डोकी, प्रत्येकावर वेगळं पागोटं किंवा पगडी, मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींची. तिसऱ्या खेपेला आमच्यातल्या एक आजी तिथून हलेचनात. वय ऐंशीच्या पुढे. चष्मा काढून काचेच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाचं धुकं काचेवर उमटलं, मग पदराने तेवढीच जागा पुसली आणि पुन्हा वाकल्या. मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, 'घड्या मोजतेय. आमच्या आजोबांची पगडी पगडबंद घरी येऊन बांधायचा. ओली करून गुडघ्यावर. आम्हा पोरींना जवळ येऊ द्यायचा नाही, घडी चुकते म्हणून.' मागचे काका घड्याळ दाखवत होते, पण मी त्यांना थांबवलं. त्या दिवशी उरलेलं अर्धं दालन आमचं राहिलं आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

म्हणून वेळापत्रक पाळा, पण इथे नाही. कुणी एका पेटीपुढे रमलं तर मागचा माणूस त्यांच्याजवळ ठेवा आणि बाकीच्यांना पुढे न्या.

फोटो काढताना फ्लॅश बंद. तो बंद कसा करायचा हे गाडीतच सगळ्यांना दाखवून ठेवा, आत दाखवायला वेळ नसतो. काचेला हात, कठड्याला टेकणं, पेट्यांवर पर्स ठेवणं, हे मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त करतात. गोड शब्दांत, पण लगेच सांगा.

## ९. सहानंतर

पावणेसहाला बाहेर काढायला सुरुवात करा. स्वच्छतागृहाला जायचं असेल ते आताच, कारण पुढे अर्धा तास सोय नाही. बाहेर आल्यावर दाराशी पुन्हा मोजदाद.

मग स्टेशनकडे चालत जाऊन एखादं इराणी हॉटेल गाठा. पंधरा जण एकदम शिरू नका. आधी एकाने जाऊन टेबलं जोडता येतील का विचारावं. चहा, ब्रून-मस्का (कडक पाव आणि लोणी), आणि मग प्रत्येकाची वस्तू. एकेकाला दोन मिनिटं. सगळ्यात आधी न बोलणाऱ्या माणसाला विचारा, बोलके तर बोलणारच आहेत. गेल्या खेपेला असाच एक गप्प काका होता, कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वीस वर्षं काढलेला. त्याने परळचा नकाशा निवडला होता. १९८२ चा संप सुरू झाला त्या सकाळी गिरणीचा भोंगा झाला तरी चाळीतला कुणी जिना उतरला नाही, एवढंच त्याने सांगितलं. मग कप बशीत ठेवला आणि पुन्हा गप्प झाला. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने त्याला हळूच पुढचं विचारायला सुरुवात केली आणि ती दोघं गाडीतही बोलतच होती.

भायखळ्याच्या पुलांखाली खडा पारशीचा पुतळा आहे. शेठ करसेटजी माणेकजींचा, फार देखणा. पण संधिप्रकाशात, चारी बाजूंनी वाहनं असताना पंधरा माणसांना तो रस्ता ओलांडायला लावू नका. चार-पाच जणांनी एखाद्या रविवारी सकाळी जावं.

## १०. परत येताना

साडेसहा ते साडेआठ या वेळात भायखळ्याहून कल्याणच्या दिशेने जाणाऱ्या गाडीत ज्येष्ठ माणसांना चढवणं मी शनिवारीसुद्धा करत नाही. गाडी सीएसएमटीहून भरूनच येते. यावर उपाय म्हणजे रिटर्न. आधी उलट दिशेची गाडी पकडून सीएसएमटीला जायचं, बसायला जागा मिळवायची आणि तिथून निघायचं. पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण गुडघे वाचतात. तिकीट भायखळ्यापर्यंतचंच असेल तर हे नियमात बसत नाही, म्हणून आधीच सगळ्यांना सीएसएमटीपर्यंतचं परतीचं तिकीट काढायला सांगायचं; त्यावर भायखळ्याला मधे उतरलेलं चालतं का, तेही तिकीट खिडकीवर विचारून घ्यायचं.

सीएसएमटीला चढताना बायकांच्या डब्यात निदान एक तरुण मुलगी आजींसोबत असू द्या. खिडकी धरायला ती धावेल, आजी सावकाश येतील. गाडी सुटली की प्रत्येक डब्यातल्या एकाने गटावर 'सगळे आहेत' असं टाकायचं.

भांडुपला उतरल्यावर तिकीट घराजवळ शेवटची मोजदाद. हिशोब त्याच रात्री गटावर टाका, उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी परत करा. आणि घरी पोहोचल्याचा निरोप प्रत्येकाकडून आल्याशिवाय फोन बाजूला ठेवू नका. पगडीवाल्या आजींना निरोप टाइप करता येत नाही. त्या मला मिस्ड कॉल देतात.